अर्थमंत्री उत्तर कोणाला देतो?

मार्च १८७० मध्ये जबलपूरला दोन रेल्वेमार्ग एकमेकांना येऊन मिळाले. कलकत्त्याकडून अलाहाबादमार्गे आलेली ईस्ट इंडियन रेल्वे इथे आधीच पोहोचली होती. मुंबईहून थळघाट चढून, भुसावळ, खांडवा, इटारसी करत आलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आता तिला येऊन भिडली आणि मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे प्रथमच लोहमार्गाने जोडली गेली. समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. जबलपूरकर ही घटना अभिमानाने सांगतात आणि ते योग्यच आहे. पण या कामासाठी जिच्या साऱ्यातून आणि करातून पैसा गेला, त्या रयतेला कोणी विचारले होते का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

पैशाची व्यवस्था अशी होती. भांडवल इंग्लंडमधल्या भागधारकांचे, त्यावर पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थान सरकारची, आणि जमीन फुकट. रेल्वेला तोटा झाला तर हमीची तूट सरकारी तिजोरीतून भरून द्यायची. म्हणजे नफा कंपनीचा आणि तोटा रयतेचा. विल्यम मॅसी हे १८६५ ते १८६८ या काळात हिंदुस्थानचे वित्तसदस्य होते. पुढे पार्लमेंटच्या चौकशी समितीपुढे साक्ष देताना त्यांनी स्पष्ट सांगितले की, पाच टक्के मिळणारच असल्यामुळे आपला पैसा हुगळीत बुडाला काय आणि विटाचुन्यात गेला काय, इंग्लिश भांडवलदाराला त्याचे सोयरसुतक नव्हते. हे कोणा चळवळ्या देशभक्ताचे बोलणे नव्हते. ज्या गृहस्थाच्या सहीने तिजोरी चालत होती, त्याचीच ही कबुली होती. मात्र ती खुर्ची सुटल्यावर आली, आणि आली तीही लंडनमध्ये.

ब्रिटिश राजकारण्यांचा आणि अर्थमंत्रिपदाचा इतिहास आपण बहुधा व्यक्तींच्या कर्तबगारीने वाचतो. ग्लॅडस्टनची काटकसर, लॉईड जॉर्जचे धाडस, विन्स्टन चर्चिलचे चुकलेले निर्णय. मला तो इतिहास वेगळ्या अंगाने वाचावासा वाटतो, कारण हिंदुस्थानात त्याचा एक मोठा प्रयोगच होऊन गेला. त्याच देशाची, त्याच शाळांत शिकलेली, पुष्कळदा त्याच पार्लमेंटमध्ये बसलेली माणसे कलकत्त्याला येऊन वित्तसदस्य झाली. विद्या तीच, हिशेबाची पद्धत तीच. बदलली ती एकच गोष्ट: ज्यांच्यावर कर बसवायचा, त्यांना हा माणूस काढून टाकता येत नव्हता. या एका फरकाने किती अनर्थ झाला, हे पाहिले की अर्थमंत्रिपदाचे मर्म कळते.

आधी लंडनकडे पाहू. चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर, म्हणजे ब्रिटनचा अर्थमंत्री, हे पद तेराव्या शतकापासूनचे. ते मुळात राजाच्या खजिन्याचा हिशेब ठेवणाऱ्यांतले एक साधे पद होते. त्याला वजन आले ते पार्लमेंटमुळे. राजाला युद्धासाठी पैसा हवा, पैसा द्यायचा तर आधी आमची गाऱ्हाणी ऐका, हा तिथल्या सभागृहाचा शतकानुशतकांचा हट्ट. १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसवणे बेकायदा ठरवले. त्यानंतर कोणताही अर्थमंत्री कितीही प्रबळ असला तरी त्याला सभागृहाचा आणि रस्त्याचा धाक राहिला. रॉबर्ट वॉलपोलसारख्या मुरब्बी नेत्याला १७३३ मध्ये तंबाखू आणि मद्यावरच्या अबकारीची योजना लोकक्षोभापुढे मागे घ्यावी लागली. ग्लॅडस्टनने १८६१ मध्ये लोकलेखा समिती कायम केली आणि १८६६ च्या कायद्याने खर्च झालेल्या पैशाची तपासणी करणारा स्वतंत्र अधिकारी नेमला. म्हणजे अर्थमंत्र्याने स्वतःच्या हातांना स्वतःच बेड्या घालून घेतल्या. १८७१ मध्ये रॉबर्ट लो यांनी आगकाड्यांवर कर सुचवला, तेव्हा पूर्व लंडनमधल्या काडेपेटी कारखान्यांतल्या गरीब कामकरी बायका आणि मुली मोर्चा घेऊन वेस्टमिन्स्टरवर गेल्या. करप्रस्ताव मागे पडला. त्या बायकांना तेव्हा मताचा अधिकारही नव्हता. तरीही ज्या सभागृहापुढे अर्थमंत्री उभा होता ते सभागृह त्यांच्या शहरात होते, त्यांच्या भाषेत बोलत होते आणि त्यांच्या नवऱ्या-भावांपैकी काहींच्या मतांवर निवडून येत होते. एवढे अंतर कमी असले तरी पुरते.

आता कलकत्ता. १८५७ च्या उठावानंतर तिजोरी रिकामी झाली. उठाव मोडण्याचा खर्चही हिंदुस्थानच्याच माथी पडला आणि कर्जाचा डोंगर झाला. भारतमंत्री होते चार्ल्स वुड, शिक्षणाच्या १८५४ च्या खलित्यामुळे आपल्याला माहीत असलेले. ते स्वतः पूर्वी चॅन्सेलर होते. त्यांनी जेम्स विल्सन यांना पाठवले. विल्सन हे ‘इकॉनॉमिस्ट’ पत्राचे संस्थापक, पार्लमेंटचे सभासद, ट्रेझरीत काम केलेले. १८६० मध्ये त्यांनी हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक मांडले, वर्षाला दोनशे रुपयांवरच्या उत्पन्नावर प्राप्तिकर बसवला, कागदी चलनाचा आराखडा केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात त्यांचा मृत्यू झाला. माणूस हुशार होता, कष्टाळू होता, प्रामाणिक होता. यात शंका नाही.

पण त्यांच्या कराला पहिला जाहीर विरोध कोणी केला? मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी. तेही ट्रेझरीत वर्षानुवर्षे काढलेले. त्यांनी आपला विरोधी अभिप्राय वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होऊ दिला आणि त्याबद्दल त्यांना परत बोलावण्यात आले. ब्रिटनमध्ये असा वाद झाला असता तर सभागृहात मतदान झाले असते. इथे एक अधिकारी दुसऱ्या अधिकाऱ्याशी भांडला आणि वरच्या अधिकाऱ्याने निकाल दिला. रयत दोन्ही वेळा बाहेरच उभी. पुढे तेच ट्रेव्हेल्यन वित्तसदस्य झाले आणि १८६५ मध्ये प्राप्तिकर बंद पडला. नंतर तो पुन्हा आला, वाढला आणि १८७३ मध्ये पुन्हा गेला. प्राप्तिकर देणारे युरोपीय व्यापारी, वकील आणि शहरी धनिक आवाज करू शकत होते, म्हणून त्यांचा कर येत-जात राहिला. मिठावरचा कर मात्र कायम राहिला, कारण मीठ खाणाऱ्याला आवाज नव्हता.

मिठाचा कर कसा वसूल होत असे, ते मध्य प्रांतात जवळून दिसे. वायव्य सरहद्दीपासून ओरिसाच्या दिशेने, मध्य प्रांतातून जाणारी दोन हजार मैलांहून लांब अशी जकातीची सीमारेषा आखलेली होती. बऱ्याच अंतरापर्यंत ती रेषा म्हणजे चक्क जिवंत कुंपण होते. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशी काटेरी झाडे दाटीने लावलेली, माणूस किंवा जनावर पार होऊ नये अशी. जिथे झाड जगत नसे तिथे वाळलेल्या काट्यांचा ढीग किंवा दगडी बांध. ठरावीक अंतरावर चौकी आणि रात्रंदिवस गस्त. या कामावर सुमारे बारा हजार माणसे होती. कुंपणापलीकडून स्वस्त मीठ इकडे येऊ नये, एवढ्यासाठी. काही काळ या खात्याचे प्रमुख होते ॲलन ह्यूम, पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. १८७९ मध्ये वित्तसदस्य जॉन स्ट्रॅची यांनी ही सीमारेषा उठवली आणि त्यासाठी त्यांची स्तुतीही होते. पण मिठावरचा कर उठला नाही. उत्पादनाच्या जागीच वसुली करणे शक्य झाले, म्हणून कुंपणाची गरज संपली.

याहून बोलके उदाहरण रँडॉल्फ चर्चिल यांचे. १८८५ मध्ये ते भारतमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत ब्रह्मदेशावर तिसरी स्वारी झाली आणि तिचा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला गेला. १८८६ मध्ये नवा प्राप्तिकर आला, १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. या दोन तारखांच्या मध्ये तेच रँडॉल्फ चर्चिल लंडनमध्ये चॅन्सेलर झाले, आणि डिसेंबर १८८६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. कारण काय? लष्कर आणि नौदलाचा खर्च कमी करायला सहकारी तयार होत नव्हते. एकाच माणसाने अवघ्या दीड वर्षाच्या आत एका देशावर युद्धाचा खर्च लादला आणि दुसऱ्या देशाचा लष्करी खर्च वाचावा म्हणून पद सोडले. मन बदलले नव्हते. ब्रिटिश करदाता मतदार होता आणि हिंदी करदाता नव्हता, हे सगळे रहस्य. स्टॅफर्ड नॉर्थकोट भारतमंत्री असताना १८६७ मध्ये लंडनला आलेल्या तुर्की सुलतानासाठी मेजवानी आणि नृत्यसमारंभ झाला. त्याचे बिल हिंदुस्थानच्या महसुलावर पडले. नॉर्थकोट पुढे सहा वर्षे चॅन्सेलर होते. पार्लमेंटमध्ये याविरुद्ध आवाज उठवला तो हेन्री फॉसेट या अंध प्राध्यापक-सभासदाने. मॅसींनी ज्या समितीपुढे साक्ष दिली, तिच्या नेमणुकीमागेही फॉसेट यांचा पाठपुरावा होता. पण परक्या देशातला एक सज्जन खासदार म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. तो आपल्यावर अवलंबून नसतो, त्याच्या दयेवर आपण अवलंबून असतो.

जबलपूरच्या दृष्टीने या साखळीतला सर्वांत जवळचा माणूस म्हणजे रिचर्ड टेंपल. १८६० मध्ये कलकत्त्यात ते विल्सन यांच्या हाताखाली होते. मग मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त झाले. जबलपूर त्याच प्रांतात. १८६८ ते १८७४ ते वित्तसदस्य होते. म्हणजे जबलपूरला रेल्वे जोडली गेली तेव्हा तिजोरी त्यांच्या हाती होती. १८७७ मध्ये दुष्काळी भागांत खर्चाला आळा घालण्यासाठी त्यांना पाठवले गेले. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असा त्यांचा दंडक. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध पोटतिडकीने लिहिले, मजुरांनी कामे सोडली. तरीही त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. विलायतेला परतल्यावर मात्र त्यांना पार्लमेंटमध्ये जायचे होते, आणि त्यासाठी १८८५ मध्ये ईव्हशॅम मतदारसंघातल्या मतदारांपुढे जाऊन मते मागावी लागली. जबलपूर, नागपूर, सोलापूर, पुणे यांतल्या कोणाही माणसापुढे त्यांना असे कधी उभे राहावे लागले नव्हते.

पेढीचा मुनीम कितीही हुशार असो, तो हिशेब मालकाला देतो, कुळाला नाही. हिंदुस्थानचा वित्तसदस्य लंडनच्या पेढीचा मुनीम होता. म्हणून त्याच्या हुशारीचा लाभ कुळाच्या वाट्याला योगायोगानेच येई.

हे चित्र बदलण्याचा पहिला सलग प्रयत्न एका मराठी माणसाने केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. तेव्हाच्या कायद्याने सभासदांना चर्चेचा अधिकार होता, मतदानाचा नव्हता. सरकार शिल्लक दाखवून समाधान मानत होते. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवले की रुपयाचा भाव घसरत असताना वाढवलेले कर रुपया सावरल्यावरही तसेच ठेवले आहेत. ही शिल्लक सुबत्तेची नसून गरजेपेक्षा जास्त उकळलेल्या कराची आहे. या आकडेमोडीमागे न्यायमूर्ती रानडे यांची शिकवण आणि सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशी यांचा अभ्यास होता. पुढच्या वर्षी मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया. सगळे श्रेय गोखल्यांना देणे बरोबर होणार नाही. पण मत नसलेल्या सभागृहातही कोणीतरी अंदाजपत्रक ओळन् ओळ वाचतो आहे, याचा परिणाम होतो, हे सिद्ध झाले.

त्या प्रयत्नाची मर्यादाही लगेच दिसली. लॉईड जॉर्ज यांचे १९०९ चे अंदाजपत्रक उमरावांच्या सभागृहाने फेटाळले तेव्हा प्रकरण मतदारांकडे गेले. १९१० मध्ये दोन निवडणुका झाल्या आणि १९११ च्या कायद्याने आर्थिक विधेयके अडवण्याचा उमरावांचा अधिकार संपला. याच सुमारास गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोधात बहुतांश सरकारी मते. लंडनमध्ये धनिक जमीनदारांना हरवणारे लोक होते. कलकत्त्यात अशी माणसे सभागृहात नव्हतीच.

१९२३ मध्ये तर सोंगही गळून पडले. वित्तसदस्य बेसिल ब्लॅकेट, मूळचे लंडनच्या ट्रेझरीतले, यांनी मिठाचा कर दुप्पट करायचे ठरवले. निवडून आलेल्या असेंब्लीने तो फेटाळला. व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपल्या विशेषाधिकाराच्या प्रमाणपत्राने तो लागू केला. त्याच वर्षी जबलपूरला टाउन हॉलवर चरख्याचा झेंडा लावण्यावरून झेंडा सत्याग्रहाला तोंड फुटले आणि ते लोण नागपूरला गेले. दोन गोष्टींचा थेट संबंध मी जोडत नाही. पण आपल्या शहराच्या सभागृहावर कोणाचा झेंडा आणि आपल्या मिठावर कोणाचा कर, हे दोन्ही प्रश्न मुळात एकच होते. १९२४ मध्ये मध्य प्रांताच्या नागपूरच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाने बहुमताच्या जोरावर मंत्र्यांचे वेतन वर्षाला दोन रुपयांवर आणले. जबलपूर, नागपूर, वऱ्हाडच्या प्रतिनिधींनी पैशाला नकार देण्याचे पार्लमेंटचे जुने हत्यार त्या दिवशी वापरून पाहिले. गव्हर्नरांनी मंत्र्यांकडे सोपवलेली खाती आपल्या हाती घेतली, हे खरे. पण त्या हत्याराची धार सगळ्यांना दिसली. पुढे जेम्स ग्रिग यांच्या काळात असेंब्लीने फेटाळलेली वित्तविधेयके व्हाइसरॉयच्या प्रमाणपत्राने पुन्हा पुन्हा अमलात आली. ग्रिग हे लंडनमध्ये विन्स्टन चर्चिल यांच्यासह अनेक चॅन्सेलरांचे खासगी सचिव राहिलेले. अर्थमंत्रालयाचे याहून चांगले शिक्षण घेतलेला माणूस मिळाला नसता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. या लोकांनीच आपल्याला अंदाजपत्रक, लेखापरीक्षण, प्राप्तिकर, कागदी चलन दिले ना? रेल्वे दिली ना? जबलपूरला १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला, तो ज्या लष्करी खर्चावर गोखले टीका करत होते त्यातूनच ना? त्या कारखान्याने पिढ्यान्‌पिढ्या संसार चालवले, मराठी संसारही. हे सगळे खरे आहे. मी ते नाकारत नाही. पण फायदा होणे आणि संमती असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रेल्वे आली, पण पाच टक्क्यांच्या हमीविना ती स्वस्तात बांधली जाऊ शकली असती का, हे विचारण्याची सोय नव्हती. कारखाना आला, पण त्या पैशातून शाळा आधी काढाव्यात का, हे ठरवण्याची सोय नव्हती. चांगले निर्णयही दुसऱ्याने घेतले की त्यांची किंमत मोजणाऱ्याला ती कधी कळत नाही.

स्वातंत्र्यानंतर ही सोय आपल्याला मिळाली, आणि तिचे पहिले दाखले उत्तम होते. चिंतामणराव देशमुख मध्य प्रांताच्या सेवेत वाढलेले, तिथल्या वित्तखात्याचे सचिव राहिलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर, मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता निर्णय झाल्याचा जाहीर आक्षेप नोंदवून पायउतार झाले. त्याच राज्यपुनर्रचनेत जबलपूर आणि नागपूर वेगळ्या राज्यांत गेले. मुंदडा प्रकरणी फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरले, न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. विल्सनपासून ग्रिगपर्यंत एकाही वित्तसदस्याला हिंदी प्रतिनिधींच्या प्रश्नांमुळे घरी जावे लागले नव्हते. स्वराज्य आले, ते या राजीनाम्यात डोळ्यांना दिसले.

पण मिळालेली सोय वापरली नाही तर ती गंजते. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेने मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर केल्या. दोष कोणत्या एका बाकाचा नाही; गोंधळ करणाऱ्यांचाही आहे आणि गोंधळाचा फायदा घेणाऱ्यांचाही. महाराष्ट्रात मुंबई, पुण्यासह अनेक महापालिका २०२२ पासून कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात अर्थसंकल्प अधिकाऱ्यानेच मांडला आणि अधिकाऱ्यानेच मंजूर केला. तो अधिकारी सक्षम असेल, प्रामाणिक असेल. विल्सनही होते. मुद्दा तो नाही. आपल्या घरपट्टीच्या पैशाचा हिशेब मागणारा निवडून आलेला माणूस समोर नसताना मंजूर झालेला प्रत्येक अर्थसंकल्प आपल्याला १९०२ च्या मागे नेतो, कारण तेव्हा निदान गोखले बोलत तरी होते. ब्रिटनलाही याचा फटका बसला आहे. २०२२ मध्ये क्वासी क्वार्टेंग यांनी स्वतंत्र संस्थेचा अंदाज सोबत न ठेवता करकपातीचा बेत मांडला, बाजार कोसळला आणि अडतीस दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. तपासणी टाळली की शतकानुशतकांची परंपराही वाचवत नाही.

म्हणून अर्थमंत्री हुशार असावा ही अपेक्षा मला अपुरी वाटते. हुशार अर्थमंत्री आपल्याला ब्रिटिशांनीही दिले होते. त्याला अडवणारे सभागृह, त्याचा हिशेब लोकांच्या वतीने तपासणारी यंत्रणा आणि त्याचे अंदाजपत्रक वाचणारे नागरिक त्यांनी दिले नाहीत. ते आपण मिळवले. तेव्हा वाचकांना एवढेच सांगणे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या गावाचे, शहराचे अंदाजपत्रक मांडले जाते. जबलपूरचे असो, नागपूरचे असो की एखाद्या लहान नगरपालिकेचे, ते मागवून घ्या. आपल्या प्रभागाच्या नावावर किती रक्कम दाखवली आणि गेल्या वर्षीची किती खर्च झाली, एवढे दोन आकडे पाहा. ते जुळत नसतील तर नगरसेवकाला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. गोखल्यांना मत नसतानाही त्यांनी हे केले. आपल्याला मत आहे.